थ्री नॉट थ्रीवर लाल ठिपका



मागे हरभऱ्याच्या पेरणीचे फोटो टाकले होते, तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं की तासांमध्ये ती उकरलेली भोकं कसली. डुकरांची. त्यावर सविस्तर लिहितो म्हणालो आणि राहून गेलं. राहून गेलं असं म्हणतोय, पण खरं म्हणजे त्यातली एक गोष्ट लिहावी का नाही हेच ठरत नव्हतं. आज लिहून टाकतो.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. मी मूळचा विदर्भातला. सध्या ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेला, मोरी नावाच्या गावाच्या पश्चिमेला एका शेतावर कामाला आहे. (गावाचं नाव खरंच मोरी आहे, हसू नका.) जमीन आपल्यासारखीच काळी, भेगाळणारी. उन्हाळ्यात पडलेला पाऊस जमिनीत साठवायचा आणि त्या ओलीवर मे-जूनमध्ये हरभरा पेरायचा. आपल्याकडे डाळमिलला जो ऑस्ट्रेलियाचा चणा येतो, तो याच पट्ट्यातला. इथं हरभऱ्याचा भाव काढायचा तर आधी दिल्लीनं आयात शुल्क किती ठेवलंय ते बघतात. ते असो.

डुकरं इथली मूळची नाहीत. १७८८ मध्ये इंग्रजांची पहिली जहाजं आली, त्यांच्याबरोबर पाळीव डुकरं आली, ती सुटली आणि रानटी झाली. आपल्या रानडुकराला कायद्याचं संरक्षण आहे, इथं ती कीड म्हणून धरतात आणि तिचा बंदोबस्त करणं ही जमीनमालकाची जबाबदारी असते. पेरणी झाली की रात्री कळप येतो, तास धरतो आणि नाकानं माती उलटत दाणा न् दाणा खात पुढं जातो. सरळ रेषेत. पेरणी यंत्राला जीपीएस आहे, यांना कोणी शिकवलं देव जाणे. सकाळी वावरात गेलं की शंभर-दीडशे मीटरचं तास रिकामं. गावाकडं मक्यात शिरलेला कळप ज्यानं पाहिलाय त्याला पोटात काय होतं ते सांगायला नको.

आमचे मालक ७६ वर्षांचे. त्यांच्याकडे एक जुनी रायफल आहे. लिथगोच्या कारखान्यात बनलेली, बोल्टच्या मुठीखालच्या पोलादी पट्ट्यावर १९४२ साल कोरलेलं. ही तीच, आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर पाहिलेली थ्री नॉट थ्री. ली-एनफिल्ड. आपल्याकडे ती कोलकात्याजवळ ईशापूरला बनायची, इथं लिथगोला. युद्धानंतर फौजेनं त्या विकायला काढल्या, तेव्हा मालकांच्या वडिलांनी एक घेतली. बऱ्याच लोकांनी पुढचं लाकूड कापून, नळी आखूड करून तिची शिकारी बंदूक केली. यांच्या बापानं तिला करवत लावली नाही. जशी फौजेतून आली तशीच आहे, दस्त्यावरच्या ठोक्यांसकट.

अडचण डोळ्यांची होती. जुन्या रायफलीवर मागं खाच आणि पुढं नळीच्या टोकाला माशी. नेम धरायचा म्हणजे खाच, माशी आणि जनावर या तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या, आणि तिन्ही वेगवेगळ्या अंतरावर. तरुण डोळा हे भरभर बदलत राहतो, म्हणून आपल्याला तिन्ही स्पष्ट दिसल्याचा भास होतो. चाळिशी लागली की खाच पुसट होते. सत्तरीत माशीही पुसट. मालक म्हणायचे, "मला आता डुक्कर दिसतं आणि त्याच्या अलीकडे काहीतरी धुरकट दिसतं." चष्मा घातला तर माशी दिसते, डुक्कर जातं.

इथं मी पुढे झालो. मोबाइलवर चार व्हिडिओ बघितलेला माणूस फार धोकादायक असतो, तसा मी. म्हणालो, यावर लाल ठिपक्याचा साइट बसवू, रेड डॉट म्हणतात तो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही दुर्बीण नाही, मोठं काही दिसत नाही. आत एक छोटा एलईडी असतो, त्याचा प्रकाश समोरच्या किंचित वक्र काचेवर पडून डोळ्याकडे परत येतो. काचेवर असा लेप असतो की तो लाल रंग तेवढा परतवतो, बाकीचं आरपार दिसतं. ठिपका लांब, जनावराच्याच अंतरावर तरंगल्यासारखा दिसतो. म्हणजे डोळ्याला तीन अंतरं नकोत, एकच पुरतं. जनावराकडे बघायचं, ठिपका त्याच्यावर ठेवायचा. चांगले महागडे साइट हजार डॉलरच्या घरात जातात. मी ९० डॉलरचा मागवला. घड्याळात नाहीतर रिमोटमध्ये असतो तसा चपटा सीआर २०३२ सेल लागतो.

आता बसवायचा कुठं? तालुक्याच्या गावी एका बंदूक दुरुस्तीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, वरच्या पोलादात भोकं पाडून आटे पाडतो, पक्कं काम होईल. मालक काही बोलले नाहीत, रायफल परत पिशवीत घातली आणि गाडीत येऊन बसले. रस्त्यात दहा-बारा किलोमीटर गेल्यावर म्हणाले, "माझ्या बापानं भोक पाडलं नाही. मी पाडणार नाही." विषय संपला.

भोक न पाडता बसणारी पट्टी मिळते. या रायफलीची मागची खाच नळीवरच एका पोलादी बैठकीत असते. २०० ते २००० यार्डांचे आकडे कोरलेलं एक पान, पुढच्या बाजूला एका पिनवर उचलणारं. ती पिन ठोकून काढायची, पान बाजूला ठेवायचं आणि त्याच जागी खाचा पाडलेली ही पट्टी त्याच पिननं अडकवायची. मागच्या बाजूला दोन बारीक ग्रब स्क्रू असतात, ते खालच्या बैठकीवर दाबून पट्टी ताणून धरतात. साइट पट्टीवर. अशा रीतीनं साइट डोळ्यापासून बराच पुढे जातो. साधी दुर्बीण इथं चालत नाही, कारण तिला डोळा नऊ-दहा सेंटीमीटरवर लागतो. लाल ठिपक्याला तशी अट नाही, हातभर लांबूनही दिसतो. शिवाय बोल्टच्या वरची जागा मोकळी राहते, काडतुसं भरायला अडचण नाही. म्हणजे या जुन्या हत्याराला स्वस्तातला हाच साइट नीट जमतो. इथपर्यंत माझं काही चुकलं नव्हतं, आजही हेच सांगीन.

कार्यशाळेत ट्रॅक्टरच्या शेजारी टेबलावर काम केलं. रायफल रिकामी, बोल्ट काढून मालकांच्या खिशात. पितळी पंच आणि हलक्या हातोडीनं पिन काढली, अर्धा तास गेला, ऐंशी वर्षं कोणी हलवली नव्हती बहुतेक. काढलेलं पान, पिन, बारीकसारीक सगळं मालकांनी चहाच्या डब्यात घालून वर चिठ्ठी चिकटवली. पट्टी बसवली, ॲलन कीनं स्क्रू आवळले. हाताला घट्ट लागलं. मी म्हणालो, झालं.

पहिली गंमत ठिपक्याची. मला तो गोल दिसला. मालकांना तो फुटलेल्या टोमॅटोसारखा, एका बाजूला शेपूट निघालेला दिसला. मला वाटलं माल खराब आला. परत पाठवायच्या आधी सहज मोबाइलचा कॅमेरा साइटमागे धरला, तर पडद्यावर ठिपका गोल. म्हणजे दोष काचेत नाही, डोळ्यात. नजर तिरकस फाकते तो दोष, अॅस्टिग्मॅटिझम. उजेड दोन घरं कमी केला, तसं शेपूट आखडलं. पूर्ण गेलं नाही, पण चालण्यासारखं झालं. कोणी घेणार असाल, भिंग असो, लेझर लेव्हल असो, ही कॅमेऱ्याची परीक्षा लक्षात ठेवा.

दुसरी, गालाची. जुना दस्ता खाच-माशीच्या उंचीला बेतलेला, आणि साइट त्याहून उंच. गाल टेकवला की ठिपका दिसत नाही, ठिपका दिसला की गाल हवेत. दस्त्यावर जुन्या खोगिराच्या चामड्याचा तुकडा, खाली फोम, वरून वादीनं बांधलं. मालकांनी स्वतः शिवलं.

मग नेम लावायला शेततळ्याच्या बांधावर गेलो. इथली शेततळी म्हणजे मातीचे मोठे बांध, गोळी आत रुतते, पलीकडे जात नाही. ५० मीटरवर पुठ्ठा. पाच गोळ्या झाडल्या, मधे दोनदा ठिपका सरकवला, शेवटच्या दोन जवळजवळ पडल्या. एक काडतूस अडीच-तीन डॉलरला. मी म्हणालो, "पुरे झालं." हे शब्द माझे आहेत. मालकांनी माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली.

इथं एक सांगतो. हाच मी, फवारणीच्या आधी प्रत्येक नोझलखाली मापाचा जग धरून मिनिटाला किती पाणी पडतं ते मोजतो. एखादं दहा टक्क्यांनी जास्त गेलं की बदलतो. गेल्या वर्षीचं माप यंदा धरत नाही. त्यावरून या पानावर मी तुम्हाला चार वेळा उपदेश केलेला आहे. आणि रायफलीला दोन गोळ्यांत "पुरे".

आठवड्यानं संध्याकाळी कळप आला. नाल्याच्या कडेला, हरभऱ्याच्या पहिल्या तासांपाशी. अंतर ७० मीटरच्या आसपास. पुढं एक मोठी मादी आडवी उभी. मी दुर्बिणीतून बघत होतो, मालक गाडीच्या बॉनेटवर पिशवी ठेवून टेकलेले. आवाज झाला. मादी पुढच्या पायावर कोसळली, उठली आणि तीन पायांवर झाडोऱ्यात गेली.

जनावराचा पाय तुटल्याचा आवाज मी आधी ऐकला नव्हता. तो किंकाळीसारखा असतो आणि थांबत नाही.

अंधार पडेपर्यंत शोधलं. त्या भागात नाल्याकाठी लिग्नम नावाची गुंतलेली झुडपं असतात, माणूस वाकूनही आत शिरत नाही. जखमी डुकरामागं रात्री त्यात शिरणं म्हणजे मरण, म्हणून मालकांनी मागं फिरवलं. रात्रभर मला झोप नाही. पहाटे कुत्रा घेऊन गेलो. दोनशे मीटरवर ती बसलेली सापडली, जिवंत. आचळं भरलेली होती. मालकांनी जवळून एका गोळीत संपवलं. पिल्लं कुठं होती ते सापडलं नाही, आम्ही दुपारपर्यंत बघितलं.

परत येताना ते गाडीत एवढंच म्हणाले, "साठ वर्षांत हे माझ्याकडून दोनदा झालं. हे तिसरं. आता मी ही जमा करतो." माझ्यावर ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

दुपारी मी म्हणालो, जमा करायच्या आधी एकदा बघू द्या. बांधावर १०० मीटरवर मोठा पुठ्ठा लावला. तीन गोळ्या. तिन्ही हाताच्या पंजात मावतील अशा, पण ठिपका जिथं ठेवला त्याच्या साधारण १५ सेंटीमीटर खाली. म्हणजे मालकांचा हात आणि डोळा शाबूत होता. रेषा खाली गेली होती.

टेबलावर आणून पट्टी हलवून बघितली. हाताला हलत नव्हती. काढली, तेव्हा दिसलं. बैठकीच्या पोटात काळपट, लाखेसारखा वाळलेला थर होता. फौजेतलं जुनं ग्रीस, धूळ, ऐंशी वर्षांचं तेल. ग्रब स्क्रूची टोकं धातूवर टेकलीच नव्हती, त्या थरावर टेकली होती. आवळताना घट्ट लागली, आणि प्रत्येक गोळीच्या धक्क्यानं थोडी थोडी आत रुतत गेली. ताण गेला, पट्टीचं मागचं टोक बसलं.

किती बसलं असेल? हिशेब करा. पिनपासून स्क्रूपर्यंत अंतर १० सेंटीमीटर धरा. १०० मीटर म्हणजे त्याच्या हजार पट. मागचं टोक ०.१ मिलिमीटर खाली गेलं की १०० मीटरवर १० सेंटीमीटरचा फरक. आमचा १५ सेंटीमीटरचा होता, म्हणजे ०.१५ मिलिमीटर. वहीचं एक-दीड पान. ७० मीटरवर तोच फरक १० सेंटीमीटर, छातीच्या जागी पाय. ९० डॉलरचा साइट बिचारा जिथं होता तिथंच होता. मी मनातल्या मनात त्यालाच शिव्या देत होतो.

मग काम पुन्हा केलं, या वेळी धीरानं. बैठक ब्रेक क्लीनरनं आणि पितळी ब्रशनं धातू दिसेपर्यंत साफ. आटे कोरडे ठणठणीत, कारण तेलाचा अंश राहिला तर लॉकटाइट धरत नाही. लॉकटाइट निळं, लाल नाही, लाल लावलं तर पुढं काढताना तापवावं लागतं आणि ते नळीवर करायचं नाही. स्क्रू थोडे थोडे आळीपाळीनं आवळले. एक रात्र सुकू दिलं. मग प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून पट्टीवर येईल अशी पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली. स्क्रू फिरला की रेघ तुटलेली दिसते. ट्रकच्या चाकाच्या नटांना ते पिवळे बाण लावतात ना, तोच प्रकार.

आणि २० गोळ्या. दोन दिवसांत, पाच-पाच करून, नळी थंड होऊ देत. दहानंतर ठिपका दोन घरं सरकवावा लागला, म्हणजे अजून थोडं बसणं बाकी होतं. शेवटच्या दहा जागेवरच पडल्या. १०० मीटरवर सगळ्यांचा घेर १२ सेंटीमीटरच्या आत. ठिपकाच त्या अंतरावर नऊ सेंटीमीटर झाकतो, तेव्हा याहून जास्त मागू नये. साठ डॉलरची काडतुसं गेली. तेवढ्यासाठीच मी आधी "पुरे" म्हणालो होतो.

मालकांनी स्वतःला दोन अटी घातल्या: ८० मीटरच्या पुढं नाही, आणि चालत्या जनावरावर नाही. बाहेर पडायच्या आधी बांधावर एक गोळी. ती जागेवर पडली नाही तर त्या दिवशी रायफल कपाटात.

काही जण विचारतील, बंदुकीनं डुकरं कमी होतात का? नाही. मादी वर्षाला दोनदा विते, एका वेळी सहाच्या आसपास पिल्लं. इथले सल्लागार सांगतात की दरवर्षी साधारण ७० टक्के काढली तरच संख्या वाढत नाही. दोघं जण संध्याकाळी गाडी घेऊन फिरले म्हणून ते होत नसतं, उलट कळप बिथरून शेजाऱ्याकडे जातो. आमच्याकडे खरं काम पिंजऱ्यानं केलं. मोठा जाळीचा गोल, दार उघडं ठेवून आठ-दहा दिवस नुसती ज्वारी खायला घालायची, सगळा कळप आत यायला लागला की मगच दार पाडायचं. घाई करून तीन पकडली तर उरलेली पुन्हा कधी आत येत नाहीत. जून-जुलैत पिंजऱ्यानं २३ नेली, रायफलीनं ४, त्यातली एक ती. राहिलेल्या हुशार एकट्या नरासाठी रायफल लागते, एवढीच तिची जागा.

आणि गावाकडच्या पोरांनो, इनबॉक्समध्ये विचारण्याआधी सांगतो. आपल्याकडे ३०३ सामान्य माणसाला परवान्यावर मिळत नाही, आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय रानडुकराला हात लावायचा नाही. इथंही परवाना, सुरक्षेचा अभ्यासक्रम, पोलादी कपाट, प्रत्येक रायफलीची नोंद हे सगळं आहे. १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला एकानं ३५ माणसं मारली, त्यानंतर आपोआप भरणाऱ्या रायफली बहुतेकांकडून काढून घेतल्या. बोल्टच्या राहिल्या. माझ्याकडेही परवाना आहे, पण त्या दिवसानंतर मी अजून एकही गोळी जनावरावर झाडलेली नाही. दुर्बीण धरतो आणि पुठ्ठ्यावरची भोकं मोजतो.

चहाचा डबा कार्यशाळेच्या फळीवर आहे. जुनं पान, पिन, सगळं आत. पंधरा मिनिटांत रायफल १९४२ सारखी होईल. मालकांच्या नातवानं परवा विचारलं, पुढं ही माझ्याकडे आली तर ठिपका ठेवू का काढू? ते म्हणाले, "तुझे डोळे कसे आहेत त्यावर."

काल संध्याकाळी बांधावर एक गोळी झाडली. जागेवर पडली. पांढऱ्या रेघा जुळलेल्या. मग अंधार पडेपर्यंत नाल्याकडे गाडी लावून बसलो, कोणी आलं नाही. हरभऱ्याला घाटे धरायला लागलेत, रिकाम्या तासांच्या बाजूची झाडं जागा मिळाल्यानं जास्त फुटलीत. त्यांचे फोटो पुढच्या नोंदीत टाकतो.